हात थरथरतो का, एवढंच विचारू नका

भिवंडी तालुक्यात दिघाशी आणि आजूबाजूच्या पाड्यांवर पार्किन्सन्सचे रुग्ण लवकर हुडकायचे, त्यासाठी आशाताईंना घरोघर विचारता येईल अशी प्रश्नावली बसवायची, असं काम होतं. मी फिजिओथेरपिस्ट. आधाराला कॅरोलिन टॅनर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेत केलेली नऊ प्रश्नांची यादी घेतली होती. त्या कामातून पदरात पडलेलं हे.

१. प्रश्न रोजच्या कामाचा असावा

खुर्चीतून उठताना त्रास होतो का? अक्षर बारीक झालंय का? शर्टाची बटणं लावता येतात का? मूळ यादीतले हे तिन्ही प्रश्न शास्त्राला धरून आहेत. पण इथली सत्तरीची बाई जमिनीवर बसते, सहीऐवजी अंगठा उठवते आणि तिच्या अंगात शर्ट नसतो. म्हणून विचारायचं ते असं: मांडी मोडून उठताना हात टेकावा लागतो का? ब्लाउजचे हुक लावायला सून लागते का? भाकरी थापताना एक हात मागे पडतो का? भातलावणीला बरोबरच्या बायका पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता का? बांधावरून मारलेली हाक पलीकडे पोचते का? उंबरठ्याशी पाय चिकटल्यासारखे होतात का?

सगळ्यात उपयोगी ठरला चपलेचा प्रश्न. चालताना एकाच पायातली चप्पल निसटते आणि पुढे गेल्यावर कळतं, असं होतं का? डॉक्टरला हे सांगावं असं कुणाच्याच मनात येत नाही. विचारलं की मात्र लगेच आठवतं.

२. ‘वय झालं’ या उत्तरावर थांबू नये

मंदपणा, वाक, अडखळणं, सगळ्याला गावात हे एकच उत्तर असतं. त्यावर पुढचा प्रश्न हवा: डावीउजवीत फरक आहे का? पार्किन्सन्स बहुधा एका बाजूने सुरू होतो. चालताना एकच हात हलायचा थांबला असेल, तर त्याचा दोष वयावर टाकता येत नाही.

३. घरातल्या दुसऱ्या माणसाला वेगळं गाठावं

चेहऱ्यावरचे भाव कमी झाले, हे ज्याचं त्याला दिसत नाही. सुनेला दिसतं, पण तिला ते सासूबाई रागावल्यासारखं वाटतं. रात्री झोपेत ओरडणं, लाथा झाडणं बायकोला ठाऊक असतं. सुकट भाजली तरी वास आला नाही, हे स्वयंपाकघरातल्या माणसाच्या लक्षात येतं. झोपेतला गोंधळ, गेलेला वास, जुनी बद्धकोष्ठता ही लक्षणं हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतात. पण नुसत्या बद्धकोष्ठतेवरून कुणावर शिक्का मारू नये. त्या हिशेबाने निम्मं गाव यादीत येईल.

सासूसमोर सून बोलत नाही. तिला नळावर विचारावं.

४. गोळ्यांची पिशवी पाहायला मागावी

थरथर म्हणजे पार्किन्सन्सच, असं नाही. आणि पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना थरथर नसतेही. बशी तोंडाशी नेताना हात लटपटतो की मांडीवर निवांत ठेवलेला असताना, हे पाहावं. निवांत हात हलत असेल तर संशय जास्त. दारू सुटल्यावरचा कंप असतो, थायरॉईडचा असतो. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन महिनोन्‌महिने चालू असेल, तर त्यानेही हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं राहतं. मानसिक आजारावरच्या काही औषधांचंही तेच. नावं कुणाला सांगता येत नाहीत, पण पिशवी सगळ्यांकडे असते. मात्र गोळी परस्पर बंद करायला सांगू नये. ते काम डॉक्टरचं.

५. आकडेमोड आधी करावी

साठीच्या पुढे शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. हजार वृद्धांना विचारलं तर खरे रुग्ण दहाच्या आसपास. प्रश्नावली खरे नव्वद टक्के रुग्ण पकडणारी आणि निरोगी नव्वद टक्के लोकांना सोडून देणारी आहे, असं धरू. म्हणजे चांगलीच म्हणायची. तरी नऊ खऱ्या रुग्णांबरोबर ९९ निरोगी माणसं जाळ्यात येतात. म्हणून प्रश्नावलीने निदान होत नाही. पुढे कुणाला तपासायचं, एवढंच ठरतं. मुंबईत डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत असंच दोन टप्प्यांत काम केलं होतं. १९८८ साली ते प्रसिद्ध झालं. १४,०१० माणसांत पार्किन्सन्सचे ४६ रुग्ण सापडले.

दारात उभं राहून आजाराचं नावही घेऊ नये. ‘एकदा तपासून घ्या’ एवढं पुरतं.

६. विचारणाऱ्याचा सूर

‘पाय अडखळत नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं. प्रश्न सरळ वाचावा आणि गप्प बसावं. विचारणाऱ्याला वैद्यकीय शिक्षण नसेल आणि सांगणाऱ्याला अक्षरओळख नसेल तर काय होतं, हा प्रश्न बंगळुरूच्या संशोधकांनी २००५ मध्येच हाती घेतला होता. आपल्याकडे प्रश्नावल्या करणाऱ्यांनी ते काम जरूर वाचावं.

७. पुढची वाट नसेल तर विचारूच नये

हे माझं ठाम मत. लेवोडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाने आजार मुळातून जात नाही, पण हातपाय मोकळे होतात, माणूस शेतावर परत जाऊ शकतो. गंमत अशी की हेच द्रव्य खाजकुयलीच्या बियांत असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते मद्रासला वेगळं काढलं. रानातली कुयली इथल्या माणसांच्या ओळखीची, त्यामुळे ही माहिती सांगताच ‘मग बियाच खातो’ असं कुणीतरी म्हणतं. खाऊ नयेत. किती द्रव्य पोटात जातं याचा मेळ राहत नाही.

खरी अडचण गोळीपर्यंत पोचण्याची. भिवंडी, तिथून ठाणे, नाहीतर थेट परळचं केईएम. म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो आणि सोबतच्या मुलाचा रोजही बुडतो. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व घरच्यांना आधार देतात. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवावं.

तुमच्या गावात अशी तपासणी घेणार असाल, तर मेंदूविकारतज्ज्ञ गावात कोणत्या दिवशी येणार ते पक्कं करा आणि मगच प्रश्नावली छापायला टाका.