आपली नॅचरल फ्रिक्वेन्सी

कॉलेजात पाऊल टाकल्यापासून एक शब्द सतत कानावर पडतो, 'हटके'! हेअरस्टाईल हटके हवी, गॅदरिंगचा डान्स हटके हवा, इंटरव्ह्यूतलं उत्तरसुद्धा हटके हवं. पण या धडपडीतून आपण खरंच वेगळे होतो का?

फिजिक्स लॅबमधला ट्यूनिंग फोर्क आठवा. रबरी पॅडवर एकदा आपटून सोडून दिला की तो स्वतःच्याच सुरात वाजतो. ही त्याची नॅचरल फ्रिक्वेन्सी. ती ठरते त्याच्या वस्तुमानावर आणि ताठरपणावर. शेजारी कोण वाजतंय यावर नाही. याउलट, एखाद्या सिस्टिमला बाहेरून ठरावीक लयीत धक्के देत राहिलं, की सुरुवातीची गडबड ओसरल्यावर ती धक्के देणाऱ्याच्याच फ्रिक्वेन्सीने हलू लागते. हे झालं फोर्स्ड व्हायब्रेशन.

मुद्दाम वेगळं होणं हेही फोर्स्ड व्हायब्रेशनच! सगळे डावीकडे जातात म्हणून जो उजवीकडे वळतो, त्याचीही दिशा शेवटी गर्दीनेच ठरवली ना? उद्या गर्दी उजवीकडे वळली, तर या बिचाऱ्याला पुन्हा डावीकडे पळावं लागणार.

आता बहिणाबाई चौधरींकडे पाहा. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना जे सुचलं ते त्या आपल्या खानदेशी बोलीत गात राहिल्या. 'काहीतरी वेगळं करू' असा आव नाही, की कुणावर छाप पाडायची घाई नाही. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे!

मग काय, 'मी असाच आहे' म्हणून स्वस्थ बसायचं? मुळीच नाही. तंबोऱ्याची तारसुद्धा खुंटी पिळून सुरात लावावीच लागते. मेहनतीला पर्याय नाही. फक्त तार आपली असावी, उसनी नको. एखाद्याला मशीन खोलून बघण्यात तहानभूक विसरायला होतं, एखादीला कोडिंगमध्ये, तर कुणाला शिकवण्यात. ब्रँच, प्रोजेक्ट, नोकरी निवडताना 'इतर काय करतायत' याआधी 'मी कशात रमतो' हे विचारा.

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा रेटा दिला तरी तो उंच जातो. आपणही आपली लय ओळखूया. मग वेगळेपण मिरवावं लागणार नाही, ते आपोआप दिसेल!