खोल पाण्याच्या बाजूला आपण

चांदोदला आपण बडोद्याची मराठी माणसं बहुतेकदा कुणाच्या अस्थी किंवा श्राद्ध असलं की जातो, आणि मुलांना घरी ठेवतो. यंदा थंडीत त्यांना मुद्दाम न्या. ओरसंग नर्मदेला मिळते तिथे पाणी उतरलं की रेती उघडी पडते. समोरचं पोईचा गाव नर्मदा जिल्ह्यात. माझ्या मुलाने विचारलं, "हद्द पाण्यातून जाते, मग मधलं पाणी कुणाचं?" उत्तर देता देता आम्ही बोलण्यात पार उगमापर्यंत, अमरकंटकला पोचलो.

भीती वाटते, मलाही वाटते. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून पाणी म्हटलं की पोटात गोळा येतो. पण नुसत्या बंदीने भागत नाही हो. सोळाव्या वर्षी पोरं मित्रांबरोबर गाड्या काढून जातातच, आणि तिथे आपण नसतो. त्याआधी नदी त्यांना आपल्या सोबतीने कळू दे.

मुलाला मी रेतीत खड्डा उकरायला लावला. हात कोपरापर्यंत गेला तसं तळाला पाणी झिरपलं, आधी गढूळ, मग निवळशंख. म्हटलं, आता कडेवर पाय ठेव. कड ढासळली, पाय घोट्यापर्यंत आत. "नदीच्या तळाशी रेती उपसलेले असे खड्डे असतात, वरून दिसत नाहीत." तो बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिला.

दुसरं, पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. वर सरदार सरोवर आहे. तिथून पाणी सोडलं की आभाळ निरभ्र असतानाही खाली नदी चढते. काडी पाण्यात गेली की चपला घालायच्या, कुरकुर ऐकायची नाही. कुठे उतरावं ते तिथल्या नावाड्याला विचारा, नर्मदेत मगरीही आहेत. लाइफ जॅकेट नसेल त्या नावेत बसूच नका.

आणि मूल काठाकडे, खोल पाण्याच्या बाजूला आपण. फोन पिशवीत. एकदा फोटो पाठवण्यापुरती मी मान खाली घातली. वर पाहिलं तर लेक कमरेएवढ्या पाण्यात हसत उभी. तिला उचललं तेव्हा माझे हात थरथरत होते. तिला वाटलं, आई खेळतेय.

परवा पुन्हा गेलो होतो. मी डबे आवरत होते. मुलगा काडीपाशी जाऊन आला आणि बहिणीला म्हणाला, "चल, चप्पल घाल."