आजोबांचा बाजार

मुलांनो, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना वाटेत खंबाटकीचा घाट लागतो. त्या घाटाच्या पायथ्याशी खंडाळा हे तालुक्याचे गाव आहे. लोणावळ्याजवळचे खंडाळे ते निराळे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले लोणंदही येथलेच. अशा मुलखातील वृद्धांना बाजार काही नवा नाही. कांदा हातात घेताच तो टिकेल की सडेल, हे त्यांना कळते. तरीही आजच्या मोठ्या दुकानात ही अनुभवी माणसे गोंधळून जातात. असे का व्हावे?

त्यांच्या बालपणी धान्य मापाने विकले जाई. दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली होत असे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत. शाळेत पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ करून घेत. त्यामुळे मोठमोठे हिशेब लोक तोंडी करीत. दुकानदार समोर बसलेला असे. त्याला भाव विचारावा, धान्य मुठीत घेऊन पारखावे आणि मगच पिशवी पुढे करावी, अशी रीत होती.

पुढे हे सारे बदलले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे बरोबर २५ नवे पैसे होत; परंतु एका आण्याचे सव्वासहा येत आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हतेच! म्हणून एका आण्यास ६ आणि तीन आण्यांस १९ नवे पैसे, असे कोष्टक ठरले. एकेक आण्याच्या तीन वस्तू निरनिराळ्या घेतल्या तर १८ नवे पैसे पडत, एकदम घेतल्या तर १९! पाठोपाठ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून ती देशभर सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. किलो त्याहून थोडा मोठा. तेव्हा भाव वाढला की वजन वाढले, हे पटकन उमगत नसे. बदल हिताचाच होता. कारण पूर्वी गावोगावचे शेर निराळे असत व त्यात गिऱ्हाईक फसे. परंतु हिताची गोष्टही अंगवळणी पडण्यास वेळ लागतो.

त्या वेळी शाळेत नवे कोष्टक शिकणारी अकरा-बारा वर्षांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापुढे आता आणखी नवा बाजार उभा आहे. वस्तू बंद पुडक्यात असते. ती हुंगता येत नाही, चाखता येत नाही. तिची सारी माहिती वेष्टनावर खसखशीएवढ्या अक्षरांत छापलेली असते. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते व जवळचे बारीक अक्षर दिसेनासे होते. म्हणून तर आपण चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतो. २०१६ साली यूपीआयची सोय सुरू झाली आणि भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची रीत खेडोपाडी पोचली. पण कष्टाने राठ झालेल्या, कोरड्या बोटांचा स्पर्श त्या काचेला नीट कळत नाही. मागे रांग खोळंबते, कोणी चुकचुकते, आणि ज्याने आयुष्यभर चोख व्यवहार केला त्या माणसाला आपण अडाणी ठरलो असे वाटते. वस्तू न मिळण्यापेक्षा हे दुःख मोठे आहे.

येथे तुमचे काम आहे. वेष्टनावरील किंमत, वजन आणि तारीख त्यांना वाचून दाखवा. निवड मात्र त्यांनाच करू द्या. भ्रमणध्वनी त्यांच्या हातून हिसकावून घेऊ नका; त्यांच्याच बोटाने शिकवा. पैसे मिळवण्यासाठी गुप्त अंक कधीच द्यावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो, हे त्यांना सांगून ठेवा. खरेदीची पावती मागण्यास संकोचू नका. ग्राहकांच्या रक्षणासाठी आपल्या देशात १९८६ साली कायदा झाला. २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आणि हो, कांदा कसा पारखावा हे त्यांच्याकडून शिकून घ्या. ती विद्या कोणत्याही वेष्टनावर छापलेली नसते. आज नवी असलेली रीत उद्या जुनी होईल आणि कधीतरी तुम्हीही एखाद्या अनोळखी दुकानात थबकाल. त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या मुलाने आपल्याशी जसे वागावे असे तुम्हांला वाटेल, तसेच आज वागा.

स्वाध्याय

१. तीन आण्यांच्या हिशेबात एका नव्या पैशाचा फरक का पडे?
२. वृद्धांना वस्तू न मिळण्यापेक्षा कोणते दुःख मोठे वाटते?
३. घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या मापांविषयी विचारा व दहा ओळी लिहा.