ट्रॅक्टरचे वजन व चाकांची पकड : पेण-रोह्याच्या भातखाचरांत

पेण तालुक्यातील धरमतर खाडीलगतची खारभूमी आणि रोहा तालुक्यातील कुंडलिकेच्या खोऱ्यातील भातखाचरे ट्रॅक्टरची कसोटी पाहणारी आहेत. घाटावरच्या कोरड्या रानात उत्तम चालणारा ट्रॅक्टर त्याच तयारीनिशी येथील चिखलात उतरविला, तर तो रुतून बसतो. येथे एकाच यंत्राला वर्षातून निदान दोनदा वेगळे रूप द्यावे लागते. भिरा वीजगृहाचे पाणी डोलवहाळ येथे अडवून काढलेल्या कालव्यांवर जेथे उन्हाळी भात होते, तेथे हा फेरबदल अधिकच वेळा करावा लागतो.

इंजिनाची शक्ती जमिनीला मिळते ती मागच्या चाकांतून. चाकांवर भार कमी असेल तर ती जागीच घसरतात, डिझेल जळते आणि टायर झिजतात. भार फाजील असेल तर ते ओझे वाहण्यातच शक्ती खर्च होते व माती दडपली जाते. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे दडपलेपण विशेष भोवते.

कोरड्या नांगरटीसाठी वजन वाढविणे योग्य होय. खारभूमीत भातकापणीनंतरची नांगरट क्षार वर चढण्यास आळा घालते. ती वेळेवर व खोल व्हावी, यासाठी चाकांना पकड हवीच. चाकाला लोखंडी वजने बसविणे हा एक मार्ग आणि टायरमध्ये पाणी भरणे हा दुसरा, स्वस्त मार्ग. टायरची झडप सर्वांत वर आणून त्या पातळीपर्यंत पाणी भरल्यास सुमारे तीन चतुर्थांश टायर भरतो. 13.6-28 मापाच्या टायरमध्ये अशा रीतीने साधारण 200 लिटर, म्हणजे तितकेच किलो वजन चढते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात. कोकणात त्याची काहीच गरज नाही, उलट रिम गंजण्याचे भय असते.

वजन पुरेसे आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. मागच्या टायरवर खडूने खूण करावी आणि अवजार उचलून त्याच शेतात चाकाचे दहा फेरे होईपर्यंतचे अंतर मोजावे. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा, पहिले 40 मीटर व दुसरे 34 मीटर भरले, तर घसर 15 टक्के झाली. घट्ट जमिनीत 10 ते 15 टक्के घसर चालण्यासारखी. त्याहून बरीच अधिक असल्यास वजन वाढवावे, फारच कमी असल्यास काढावे. शाळेतील मुलांना टक्केवारी शिकविण्यास याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

चिखलणीत मात्र सारा हिशेब उलटतो. येथे ट्रॅक्टरला आधार देतो तो चिखलाखालचा घट्ट थर. खाचरात पाणी धरून ठेवणारा थरही तोच. जड यंत्राने तो फुटला की पाणी मुरते व पुढच्या वर्षी ट्रॅक्टर अधिक खोल जातो. म्हणून पावसापूर्वीच टायरमधील पाणी सोडावे, लोखंडी वजने उतरवावीत आणि पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके जोडावीत. ती रुंद असल्याने भार पसरतो. खाडीकाठच्या अतिमऊ खाचरात तर लहान पॉवर टिलरच बरा.

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला ओंडका बांधून जोराने पुढे काढण्याची खोड प्राणघातक आहे. चाक अडले की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरवितो. पुढची बाजू उचलली जाऊन यंत्र चालकावर उलटते, आणि सावरण्यास एक-दोन क्षणही मिळत नाहीत. अवजार सोडून मागे घेऊन पाहावे. न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने, दोर खालच्या ओढदांडीलाच बांधून, सावकाश ओढावे. पुढील वजने सरसकट काढून टाकणेही म्हणूनच धोक्याचे. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला किमान भार पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे.

ग्रामपंचायतींनी दोन बाबी पाहाव्यात. लोखंडी चाके डांबरी रस्त्यावरून नेऊ देऊ नयेत, आणि खारबंदिस्तीच्या मातीच्या बांधांवरून, विशेषतः उघाडीजवळून, जड ट्रॅक्टरची वाट पाडू नये. भाडे तासावर ठरते तेथे घसरणाऱ्या चाकाचे पैसे शेतकरीच भरतो : घसर 30 टक्के असेल, तर तासातील 18 मिनिटे चाक जागीच फिरल्यासारखे होते. शक्य तेथे भाडे गुंठ्यावर ठरवावे. मग वजनाची काळजी ट्रॅक्टरमालक आपण होऊन घेईल.