हृदयाची अकार्यक्षमता आणि मूलपेशी उपचार : वैद्यांनी काय सांगावे?

‘स्टेम सेल सोडल्या की हृदय नवे होते म्हणे, करावे का?’ हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे नातलग हा प्रश्न आता आपल्या चिकित्सालयातही विचारतात. कित्येकदा त्यामागे जमीन विकण्याची तयारी असते. म्हणून उत्तर शास्त्राधारे द्यावयास हवे.

संशोधनाचा मागोवा : झटक्यानंतर हृदयस्नायूचा मृत झालेला भाग पुन्हा भरून येत नाही, तेथे व्रणाचे टणक तंतू निर्माण होतात. अस्थिमज्जेतील मूलपेशी उंदराच्या हृदयात नवा स्नायू घडवितात, असा निष्कर्ष २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये तेथेच दोन स्वतंत्र गटांनी त्यास पुष्टी मिळत नसल्याचे दाखविले. मूळ संशोधकांपैकी पिएरो अनव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ लेख मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्ड मेडिकल स्कूल व संलग्न रुग्णालयाने २०१८ मध्ये केली. मानवी हृदयावरील त्यांचा ‘लॅन्सेट’मधील २०११ चा लेख २०१९ मध्ये मागे घेण्यात आला.

तथापि सर्वच संशोधन त्याज्य नव्हे. ‘ड्रीम-एचएफ’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५३७ रुग्ण होते. दात्याच्या पेशी हृदयस्नायूत टोचूनही विकार वारंवार बळावणे कमी झाले नाही. मुख्य उद्दिष्ट असफल ठरले. झटका व पक्षाघात यांचे प्रमाण मात्र घटलेले दिसले. म्हणजे विषय अद्याप संशोधनाचा आहे, चिकित्सेचा नव्हे.

नियम : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृद्रोगात मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो आणि चाचणीतील रुग्णाकडून त्याचे शुल्क घेता येत नाही. ‘पैसे किती मागितले?’ हा एक प्रश्नही पुरेसा बोलका ठरतो.

आपले कर्तव्य : चरकाचार्यांनी हृदयास त्रिमर्मांत स्थान दिले आहे. रसायनाने धातुपोषण होते, हा आपला सिद्धांत. परंतु त्यावरून ‘रसायन मूलपेशी जागवते’ असे म्हणणे म्हणजे पुराव्याविना उडी होय. औषधी दुकानदारांनी लक्षात ठेवावे की १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत हृद्रोगाचा समावेश आहे.

व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत :

१. हृद्रोगतज्ज्ञांच्या गोळ्या बंद करावयास सांगू नये. अर्जुन क्षीरपाक द्यावयाचा तर पूरक म्हणूनच, त्यांना कळवून.

२. ज्येष्ठमधाचे कल्प टाळावेत. त्याने शरीरात सोडियम व पाणी साठते आणि पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या वा डिगॉक्सिन चालू असता हे घातक ठरू शकते. लवणयुक्त चूर्णेही वर्ज्य.

३. रोज सकाळी वजन करावयास सांगावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ, पायांवर शोथ किंवा आडवे पडताच श्वास लागणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात धाडावे.

खोटी आशा मोडताना रुग्णाचा हात मात्र सोडू नये, एवढेच आमचे नम्र निवेदन.