ओहोळ अडवताना शिकलेला धडा

जव्हार तालुक्यातील एका पाड्याने ठरवलेल्या हवामान कृती सप्ताहात यंदा मीही सहभागी झालो. इथे पाऊस धो धो पडतो, पण कातळावरून वाहून जातो. मार्चनंतर बायकांची हंडे घेऊन पायपीट सुरू होते.

सप्ताह डिसेंबरात घ्यावा, असे मी सुचवले होते. मंडळी हसली. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि तोवर ओहोळाची धारही बारीक होते. म्हणून भातकापणी उरकताच काम काढले.

प्रभातफेरी झाली, गावठी बियाणांची मांडणी झाली. खरा दिवस वनराई बंधाऱ्याचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वाळू, माती आणि सुतळी, एवढेच साहित्य. मी गोण्या ठासून भरल्या. पहिला थर रचला, तर फटींतून पाणी आरपार! एक आजी म्हणाली, "पोरा, गोणी जरा उपाशी ठेव. मग ती शेजारणीला चिकटून बसते." सगळ्या सोडून पाऊणच भरल्या. वरची गोणी खालच्या दोघींच्या सांध्यावर ठेवली, विटा रचतात तशी. फटींत चिकणमाती दाबली, जादा पाणी जायला मधला भाग थोडा खाली ठेवला.

श्रमदान म्हणताना त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आपण बाहेरचे विसरतो. निदान दुपारचे जेवण सप्ताहाच्या खर्चातून द्यावे, असे माझे मत झाले आहे.

संध्याकाळी बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साठले. आजी त्यात उतरली आणि आधी पायांचा चिखल धुतला.