भिंतीवरचं मॉस उंच का वाढत नाही?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर हिरवंगार मॉस येतं. शेजारचा आंबा दरवर्षी उंच होतो, मॉस मात्र बोटभरही वाढत नाही. असं का? आणि पाण्यातल्या वनस्पती जमिनीवर आल्या तरी कशा?
— नववीची विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : तुझ्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : पाणी मिळवायचं कसं आणि टिकवायचं कसं.

जमिनीवरच्या वनस्पतींचे पूर्वज म्हणजे गोड्या पाण्यातली हिरवी शैवालं. पाण्यात त्यांना क्षार मिळत, आधारही मिळे. जमिनीवर ऊन भरपूर, पण अंग सुकण्याची भीती. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरच्या वनस्पतींचे बीजाणू सापडतात. त्यांचं चिवट कवच कोरड्या हवेतही टिकणारं होतं. पुढे अंगावर मेणचट थर आला आणि त्यातून हवा आत घेण्यासाठी उघडमीट करणारी रंध्रं आली.

स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळ सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातल्या सिलिकामुळे तिथल्या वनस्पती पेशींसकट दगडात जपल्या गेल्या. वीतभर उंची, ना पानं, ना खरी मुळं. पण पेशींमध्ये बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. बुरशीनं मातीतले क्षार पुरवायचे, वनस्पतीनं साखर द्यायची, ही भागीदारी आजही बहुतेक झाडांच्या मुळांशी चालू आहे.

आता उंचीकडे येऊ. पाणी वर नेणाऱ्या नलिकांच्या भिंती लिग्निन या द्रव्यानं कडक झाल्या, तेव्हा खोड ताठ उभं राहू लागलं. आंब्याचं लाकूड ही त्याचीच देणगी. मॉसमध्ये लिग्निनच्या नलिका नाहीत, मुळंही नाहीत. ते मुख्यतः अंगभरच पाणी शोषतं, म्हणून जमिनीलगत राहतं. पण त्याच्याकडे एक ताकद आहे : उन्हाळ्यात ते करपून काळं पडतं आणि पहिल्या सरींनंतर पुन्हा हिरवं होतं.

मॉसचा पुंयुग्मक पोहत जाऊन स्त्रीयुग्मकाला गाठतो. म्हणूनच तुमच्या पुस्तकात या गटाला वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हटलंय. आंब्यात परागनलिका पुंयुग्मक थेट बीजांडापर्यंत पोहोचवते, पोहण्याची गरजच उरत नाही. या दोन पद्धतींमधला दुवाही आज जिवंत आहे. जपानचे साकुगोरो हिरासे यांनी 1896 मध्ये गिंको या बिया धरणाऱ्या झाडात पोहणारे पुंयुग्मक पाहिले. बागेतल्या सायकसमध्येही ते असतात.

यंदा भिंतीजवळ भिंग घेऊन जा. मॉसमधून केसासारखे बारीक देठ वर आलेले दिसतील, टोकाला छोटी बोंडं. पिकलेलं बोंड उघडलं की त्यातले बीजाणू वाऱ्यावर उडून जातात. मीलनासाठी पाणी आणि पसरण्यासाठी वारा, असे दोन्ही काळ तुला त्या इवल्या रोपात एकत्र बघायला मिळतील.